वडीलधाऱ्यांसाठी ॲनिमे : काही शिफारशी, काही सावधगिरी

सप्टेंबर २०२५मध्ये 'डीमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल' हा जपानी ॲनिमेपट देशभरच्या चित्रगृहांत लागला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या घरची तरुण मुले तो पाहून आली. कोणी मूळ जपानीत पाहिला, कोणी हिंदीत. मराठीत तो नव्हता, गुजरातीतही नव्हता. घरातील वडीलमंडळींनी मात्र 'कार्टून' या एका शब्दात त्याची वासलात लावली. आमचे हे टिपण त्या वडीलमंडळींसाठी आहे.

चित्र हाताने काढलेले असले की ते बालांसाठीच असणार, हा समज आपल्यात कोठून आला हे कळत नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथ्यांतील रंगवलेली पाने एकामागून एक दाखवीत रामायण-महाभारत सांगत आले, ते काही केवळ पोराटोरांना नव्हे. आणि जपानी चित्रे आपल्याला परकीही नाहीत. १९९३मध्ये दूरदर्शनवर ज्या मोगलीसाठी रविवारी घरोघर मुले खोळंबून बसत, ती मालिका जपानीच होती. युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांनी मिळून केलेला रामायणावरील ॲनिमेपट १९९२चा; तो जानेवारी २०२५मध्ये आपल्याकडे पुन्हा प्रदर्शित झाला. परकीयांनी, तेही चित्रांतून, रामकथा सांगावी काय, असा आक्षेप आरंभी घेतला गेला होता. पडद्यावरचा कुंभकर्ण ज्यांनी पाहिला, त्यांना त्या आक्षेपाचे हसूच येईल.

तेव्हा प्रश्न उरतो तो निवडीचा. मारामारी आणि विज्ञानकथा या दोन्ही प्रकारांत जपानी मंडळींनी अमाप निर्मिती केली असून तिच्यातील पुष्कळ भाग आम्हाला सामान्य वाटतो. निवडीसाठी आमची कसोटी साधी आहे : तलवार चालल्यानंतर, यान फुटल्यानंतर कथा थांबून मागे वळून पाहते काय? कोण मेले, कोणाचे घर बसले, याचा हिशेब ती ठेवते काय? रक्त किती सांडले यावरून कलाकृती प्रौढांची ठरत नाही. या कसोटीवर शेकडो भाग चालणाऱ्या कित्येक लोकप्रिय मालिका आपोआप गळून पडतात.

कसोटीला सर्वाधिक उतरते ती 'लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज' ही ११० भागांची मालिका. योशिकी तानाका यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली ही मालिका १९८८ ते १९९७ या काळात व्हिडिओ-फितींवर प्रकाशित होत गेली. एका बाजूला साम्राज्य आणि त्यातील राइनहार्ट हा असामान्य तरुण सेनापती; दुसऱ्या बाजूला लोकशाही संघ आणि त्याचा यांग वेन-ली हा सेनानी. यांगला इतिहासकार व्हायचे होते. फुकट शिकता येईल म्हणून तो सैनिकी विद्यालयात गेला आणि तेथेच अडकला. कार्यक्षम हुकूमशहा बरा की नालायक पुढाऱ्यांची लोकशाही बरी, हा मालिकेचा मध्यवर्ती प्रश्न. तिचे उत्तर ती सोपे करीत नाही. यांग ज्या सरकारसाठी लढतो त्याचा त्याला मनस्वी तिटकारा आहे, तरीही तो लढतो. ही अडचण कळायला वय लागते.

आमच्या वाचकांनी अम्लित्सरच्या लढाईपर्यंतचे भाग अवश्य पाहावेत. निवडणूक जवळ आली म्हणून संघाचे मंत्रिमंडळ साम्राज्यावर स्वारीचा निर्णय घेते. राइनहार्ट लढतच नाही. सीमेवरच्या ग्रहांवरील सारे धान्य उचलून तो मागे सरतो. मुक्तिदाते म्हणून आलेल्या सैन्यापुढे कोट्यवधी उपाशी माणसे उभी राहतात. त्यांना खाऊ घालता घालता सैन्याचेच कोठार रिते होते, मागून येणारी रसद वाटेत मारली जाते, आणि मग हल्ला होतो. पानिपत ज्यांच्या रक्तात मुरले आहे त्यांना येथे वेगळे काही सांगावे लागणार नाही. १७६०च्या अखेरीस भाऊसाहेबांच्या छावणीची जी उपासमार झाली, गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदेचे जे हाल झाले, ते सारे डोळ्यांपुढे उभे राहते. आम्हा मराठी वाचकांना ऐतिहासिक कादंबरीचे मोठे वेड. विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८चीच. त्या वेडाची पुष्कळशी भूक ही मालिका भागवील. उलट आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत क्वचितच दिसते ते येथे दिसते : शत्रूपक्षाची बाजू तितक्याच आस्थेने मांडली जाते. दोष सांगायचे तर चित्रण जुनाट आहे, नौदलाची जहाजे पटावरच्या सोंगट्यांसारखी सरकतात, संवाद लांबतात, आणि स्त्रियांच्या वाट्याला फार थोडे येते.

दुसरी शिफारस 'घोस्ट इन द शेल' या १९९५च्या चित्रपटाची. दिग्दर्शक मामोरू ओशी. जेमतेम दीड तासाचा आहे, पण एका बैठकीत पचत नाही. २०२९ सालच्या नगरात माणसांचे मेंदू यंत्रजालाला जोडलेले आहेत. नायिका पोलिस अधिकारी. तिचे सारे शरीर कृत्रिम, मेंदूचा थोडासा भाग तेवढा जन्माचा. मग मी म्हणजे नेमके काय उरले, असा तिला प्रश्न. चित्रपटात कचरा उचलणारा एक कामगार येतो. बायकोशी बिनसले आहे, मुलगी दुरावली आहे, या दुःखात तो आहे. चौकशीत कळते की बायकोही नाही आणि मुलगीही नाही; त्या आठवणी कोणीतरी त्याच्या डोक्यात घातल्या आहेत. चकमकी आम्ही विसरलो, त्या माणसाचा चेहरा विसरलो नाही.

सुरतेत बसून हा चित्रपट पाहताना आणखी एक मौज वाटते. भूतखेत आणि मंत्रतंत्र यांना दुर्गाराम मेहताजींनी याच शहरात आव्हान दिले, आणि १८४४मध्ये मानवधर्मसभा स्थापन झाली तीत आपले दादोबा पांडुरंग त्यांच्यासोबत होते. यंत्रात 'भूत' असते काय, या वादात या दोघांनी कोणती बाजू घेतली असती?

या चित्रपटातील खलनायक हा यंत्रजालात आपोआप उपजलेला एक बुद्धिमान जीव आहे आणि त्याला संतती हवी आहे. स्वतःच्या हुबेहूब प्रती काढणे त्याला पुरेसे वाटत नाही. सगळ्या प्रती एकसारख्या, म्हणून एकाच रोगाने नष्ट होतील, असा त्याचा युक्तिवाद. येथे मराठी वाचकाला जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेथील वामन या यंत्रमानवालाही आपल्यासारखे आणखी हवे असतात. नारळीकर त्या इच्छेकडे धोक्याची घंटा म्हणून पाहतात. माणसाने वेळीच सावध व्हावे, ही त्यांची भूमिका. ओशी मात्र नायिकेला त्या जिवाशी एकरूप होऊ देतात आणि त्यातून निपजणाऱ्या तिसऱ्याच कोणाला तरी शहराकडे पाहत उभे करतात. आमचा कौल नारळीकरांच्या सावधपणाकडे झुकतो. तथापि ओशींनी त्या यंत्राला स्वतःची बाजू मांडायला जेवढा अवसर दिला, तेवढा आपल्या विज्ञानकथेने यंत्राला सहसा दिलेला नाही. मे २०२५मध्ये नारळीकर गेले. १९७४मध्ये 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली होती आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या कथांचे ॲनिमे कोणी का करू नये, हा विचार मनात येऊन जातो.

ज्यांना एवढे तत्त्वज्ञान नको, त्यांच्यासाठी 'प्लॅनेटेस' ही २००३ची २६ भागांची मालिका आहे. २०७५ साली अंतराळातील भंगार गोळा करणाऱ्या एका कंपनीच्या हिशेबी, दुर्लक्षित विभागाची ही कथा. एक सुटा स्क्रू प्रवासी यानावर आदळून माणसे मरतात, त्यांत एका कर्मचाऱ्याची बायको जाते. तो तिच्या होकायंत्राच्या शोधात वर्षानुवर्षे भंगार वेचतो. एका भागात गरीब देशाचा तंत्रज्ञ आपल्या देशात बनवलेला अंतराळ-पोशाख चाचणीसाठी घेऊन येतो. पोशाख उत्तम आहे. पण त्याच सुमारास त्याचा देश युद्धात सापडतो. छोट्या कारखान्यांवर जगणाऱ्या आपल्या शहराला या गोष्टीचे मर्म वेगळे समजवायला नको. भंगाराचा प्रश्नही कल्पित नाही : २७ मार्च २०१९ रोजी भारताने स्वतःचाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, तेव्हा त्याच्या तुकड्यांवरून जगभर चर्चा झाली होती.

'अकिरा' (१९८८, दिग्दर्शक कात्सुहिरो ओतोमो) आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला. चित्रणाच्या दृष्टीने तो या साऱ्यांत श्रेष्ठ. रात्रीच्या रस्त्यावर मोटारसायकलींच्या दिव्यांचे जे लाल पट्टे मागे रेंगाळतात, ते पाहून रंगाच्या धंद्यातला माणूस खूश होईल. १९९४मध्ये प्लेगच्या भीतीने रिकामे झालेले आणि ऑगस्ट २००६मध्ये तापीच्या पुराखाली गेलेले हे शहर ज्यांनी पाहिले, त्यांना महानगराच्या उद्ध्वस्त होण्याची ही दृश्ये केवळ कल्पनेतली वाटणार नाहीत. परंतु कथेचा उत्तरार्ध गोंधळलेला आहे, आणि हिंसा व एका मुलीवरील अत्याचाराचा प्रसंग असह्य आहे. हा चित्रपट नातवंडांना शेजारी बसवून लावू नये. मुलांसोबत पाहायचा असल्यास 'प्लॅनेटेस'च बरी, आणि तीही मुले शाळेच्या वरच्या वर्गांत असल्यास.

भाषेची अडचण आहे. संवाद जपानी, तळाशी इंग्रजी ओळी, आणि त्या भराभर जातात. इंग्रजी माध्यमात शिकणारी, मराठी अक्षर अडखळत वाचणारी नातवंडे येथे आपल्या उपयोगी पडतील. त्यांनी अर्थ सांगावा, आपण अम्लित्सरच्या वेळी पानिपत सांगावे. 'गॅलॅक्टिक हीरोज'चा एक भाग पंचवीस मिनिटांच्या आसपासचा. पोथी लावावी तसा आषाढी एकादशीला आरंभ करून रोज एक भाग पाहिल्यास ११० भाग कार्तिकीच्या आत पुरे होतात, आणि मधले सात-आठ दिवस गणपतीसाठी मोकळे राहतात.