सहजीवनाची चर्चासत्रं आणि फडातली माणसं

मंडळी, आज दिंद्रुडात आपण ज्या विषयावर बोलतोय, तो हल्ली विद्यापीठांच्या सभागृहांत वारंवार येतो: पर्यावरण, शाश्वत विकास, मानव-वन्यजीव सहजीवन. फलकावर हे शब्द लागले की चर्चासत्र उभं राहतं. आम्ही अशी बरीच ऐकली. त्यांना नावं ठेवायची म्हणून आम्ही बोलत नाही, पण त्यांतून काय सुटतं ते सांगायला हवं.

आधी घरचं उदाहरण. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच माजलगाव तालुक्यातलं लवूळ जगभर गाजलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेत होती. अडीचशे पिल्लं मारल्याचा आकडा छापून आला. शेवटी वनविभागानं दोन वानरं पकडून नेली. पण तो आकडा मोजला कुणी? 'वानरांचा सूड' हे नाव दिलं कुणी? सूड ही माणसाची गोष्ट, ती वानरांच्या गळ्यात बांधली गेली. लोक हसले आणि लवूळच्या माणसांची भीती तेवढी गावातच राहिली.

विद्यापीठाचं काम इथंच सुरू होतं, आणि ते होऊ शकतं हे जुन्नरनं दाखवलंय. तिथं २००१ नंतर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेलेले दिसले. बिबट्या हलवला म्हणजे प्रश्न हलला, ही समजूत त्या अभ्यासानं मोडली. ही विद्वत्तेची कमाई आहे आणि आम्ही ती मानतो.

आमची तक्रार पुढच्या पायरीची आहे. चर्चासत्राच्या शेवटी ठराव येतो: जनजागृती करा. लहान मुलांना उघड्यावर झोपवू नका, अंधारात एकटं जाऊ नका, दार लावून घ्या. सल्ला बरोबर आहे, पण तो कुणाला दिलाय? पश्चिम महाराष्ट्रात बिबट्या उसात राहतो, तिथंच पिल्लं घालतो. तो ऊस तोडायला कोण जातं? आपल्या बीड जिल्ह्यातली माणसं. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, फडाजवळ कोप्या पडतात. कोपीला दार नसतं, संडास नसतो. गाडी रात्री-अपरात्री भरायला येते. आई-बाप कोयता घेऊन फडात, पोर पाचटावर निजलेलं. या बाईला कुठलं दार लावायला सांगणार?

म्हणजे इथं अडचण अज्ञानाची नाही, निवाऱ्याची आणि मजुरीच्या अटींची आहे. उचल घेतलेला माणूस भीती वाटली म्हणून फड सोडून येऊ शकत नाही. चर्चासत्रात मात्र 'स्थानिक समुदाय' म्हणजे जमीनमालक शेतकरी. सहा महिने तिथं राहणारा मजूर त्या शब्दात बसतच नाही. वनविभाग मंचावर असतो, प्राध्यापक असतात. साखर कारखाना आणि मुकादम यांना कुणी बोलावत नाही.

कुणी म्हणेल, बीडला बिबट्याचं काय एवढं? नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात माणसं गेली. पुढच्या महिन्यात करमाळा तालुक्यात तो बिबट्या गोळी घालून मारला गेला, तेव्हा गावांनी सुटकेचा श्वास सोडला. त्या गावांना सहजीवनाचा अर्थ विचारायचा, तर आधी त्यांची भीती ऐकावी लागेल.

एक साधी गोष्ट. आम्ही ऐकलेली बहुतेक चर्चासत्रं हिवाळ्यात झाली, म्हणजे गळीत हंगामात. ज्याच्या अनुभवावर बोलायचं, तो तेव्हा फडात. तीच जून-जुलैत, टोळ्या गावी परतल्यावर, इथं माजलगाव-धारूरच्या बाजूला घ्या. शोधनिबंध कमी वाचा. एखाद्या कोयत्यावरच्या बाईला पहिलं बोलू द्या, आणि कारखान्याच्या माणसाला समोर बसवून विचारा की कोपीला दार आणि दिवा कधी देणार. त्या उत्तराची तारीख ठरावात लिहा. एवढं झालं, तर फलकावरच्या 'सहजीवन' या शब्दाला काही अर्थ आला असं आपण म्हणू.