खेळगड्यांचें बोलणें

व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मंडळींच्या गप्पांकरितां वाङ्मयीन मासिकानें आपलीं चार पानें खर्चावीं काय, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत उभा राहील हें आम्ही जाणून आहों. नाटकावर लिहावें, चित्रपटावर लिहावें, फार तर क्रिकेटच्या धांवत्या वर्णनावर लिहावें. परंतु पोरांच्या वायफळ बोलण्यावर टीकालेख कशासाठीं? यावर आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या बोलण्यास आपण वायफळ म्हणून हिणवितों तें कित्येकदां एखाद्या कलाकृतीचाच उरलेला भाग असतें. आणि कलाकृतीचें परीक्षण करावयाचें तर तिचा अर्धा भाग दाराबाहेर ठेवून तें करतां येत नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत महाविद्यालयाच्या व्हरांड्यांत दोन विद्यार्थी सर उतरण्याची वाट पाहात उभे होते. छत्री विसरल्यामुळें आम्हीही तेथेंच अडकून पडलों होतों. एकानें 'डार्क सोल्स' हा २०११ सालचा जपानी खेळ नुकताच हातीं घेतला होता. दुसऱ्याचा तो केव्हांच खेळून झाला होता. "घंटेपर्यंत पोंचलास का रे?" दुसऱ्यानें विचारलें. "अजून नाहीं. चर्चमध्यें शिरलोंय, आज रात्रीं छपरावर जाणार." दुसरा हंसला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग मी कांहीं सांगत नाहीं. फक्त वर गेलास कीं एकाच बाजूला बघत राहूं नकोस." "बस, पुढचं बोलूं नकोस," असें म्हणून पहिल्यानें खरोखरच दोन्ही कान झांकून घेतले.

परीक्षण लिहितांना किती सांगावें आणि कोठें थांबावें, हा विवेक मोठमोठ्या परीक्षकांस साधत नाहीं. कादंबरीच्या प्रस्तावनेंतच नायिकेचा मृत्यु सांगून मोकळे होणारे विद्वान आम्हीं पाहिले आहेत. आणि खरें बोलावयाचें तर वर्गांत हा अपराध आमच्या हातूनही घडला आहे. त्या मुलाच्या एका वाक्यांत इशारा होता, पण पुढच्या आश्चर्याची नासाडी नव्हती. समोरच्याचा आनंद आपल्यापाशीं ठेव म्हणून आहे, अशा जपणुकीनें तो बोलला.

सर्वच बोलणें या तोलाचें असतें असें मात्र कोणीं समजूं नये. त्यांतील मोठा भाग यंत्राच्या किंमतीचा, कोणाचा फोन तापतो नि कोणाचा तापत नाहीं याचा, आणि कोणीं किती गडी मारले या बढाईचा असतो. 'पबजी' हा मोबाइलवरचा खेळ २०२० च्या सप्टेंबरांत आपल्या देशांत बंद झाला आणि २०२१ सालीं त्याची खास भारताकरितां केलेली आवृत्ति निघाली. त्या खेळांत मुलें कानाला यंत्र लावून अखंड बोलत असतात. पण तें बोलणें हुकुमांचें. मागें ये, गोळ्या दे, घरांत शीर! शिवीगाळ तर इतकी कीं, कित्येक मुली आपला आवाज बंद ठेवूनच खेळतात. डाव संपला म्हणजे बोलावयासही कांहीं उरत नाहीं, हाराजिताखेरीज. आम्हांस ज्या बोलण्याविषयीं लिहावयाचें आहे तें खेळ थांबल्यावर सुरू होतें.

त्याचा एक साधा नमुना आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरींच होऊन गेला आहे. १९९० नंतरच्या दशकांत टी.व्ही.ला जोडावयाचीं नकली खेळयंत्रें मध्यमवर्गीय घरांतून आलीं, आणि त्यांबरोबर 'कॉन्ट्रा' हा खेळ आला. त्यांत तीन जीव मिळत. ते पहिल्या पांच मिनिटांत खलास होत. पण वर-वर, खालीं-खालीं, डावें-उजवें, डावें-उजवें, मग 'बी' आणि 'ए', अशा क्रमानें कळा दाबल्या कीं तीस जीव मिळत. हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो या जपानी गृहस्थांनीं 'ग्रेडियस' या खेळाची १९८६ सालची घरगुती आवृत्ति करतांना स्वतःसाठीं बसविला होता. आपणच केलेला खेळ त्यांस तपासण्यापुरताही पार करतां येईना! मुलांस यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. मे महिन्याच्या सुटींत आलेल्या एखाद्या मामेभावानें तो मंत्र सांगावा आणि जून उजाडेपर्यंत साऱ्या आळीनें तो पाठ म्हणावा, असा त्याचा प्रवास. मौखिक परंपरेचे अभ्यासक ओव्यांच्या मागें हिंडत असतांना त्यांच्याच घरांत ही परंपरा चालू होती. तथापि तिचें मोल फार चढवूं नये. मंत्र मिळाला कीं मामेभावाची गरज संपली.

ही गरज संपूं नये अशी योजना खेळाच्या घडणींतच करतां येते, हें जपानांतील कांहीं कर्त्यांनीं फार लौकर ओळखलें. मासानोबु एन्दो यांचा 'टॉवर ऑफ ड्रुआगा' हा खेळ नाम्को कंपनीनें १९८४ सालीं तेथील खेळगृहांत आणला. गिल्गामेश नांवाचा वीर साठ मजल्यांचा मनोरा चढतो आणि ड्रुआगा राक्षसाच्या कैदेंतून 'की' या पुजारिणीस सोडवितो, एवढी कथा. परंतु बहुतेक मजल्यांवर एक पेटी गुप्त ठेविलेली. ती कशानें प्रकट होते हें खेळ सांगत नाहीं, आणि त्यांतल्या कित्येक वस्तूंवांचून शेवट गांठतां येत नाहीं. पहिल्या मजल्यावर तीन हिरवे लिबलिबीत जीव मारले कीं तांब्याची कुदळ मिळते. ती मिळावी यांत कार्यकारणभाव कोणता? एकट्यानें कितीही बुद्धि चालविली तरी साठ मजले उलगडणें दुरापास्तच. मग खेळगृहांत वह्या ठेवलेल्या असत त्यांत लोक लिहूं लागले. दुपारीं शाळा सुटल्यावर आलेल्या मुलानें आपला शोध लिहावा, रात्रीं कचेरींतून परतणाऱ्या कारकुनानें तो वाचावा, आणि खालीं स्वतःचा जोडावा. उपयुक्त माहितीच्या शेजारीं चित्रें, थट्टा, तक्रारी यांचीही भर पडे. खेळ म्हणून 'ड्रुआगा' आम्हांस थोर वाटत नाहीं. कोडें आणि लहर यांतला भेद त्याच्या कर्त्यानें पुष्कळ ठिकाणीं पाळलेला नाहीं. परंतु त्याच्याभोंवतीं जमलेलें बोलणें त्याच्याहून सरस निघालें, आणि तें जमण्यास त्याचें अपुरेपणच कारण झालें.

त्याच काळांतला एक तरुण, सातोशी ताजिरी, १९८३ पासून 'गेम फ्रीक' नांवाचें चोपडें काढीत असे. हातानें लिहावयाचें, प्रती काढावयाच्या, टांचण्या मारावयाच्या आणि विकावयाचें. कोणत्या खेळांत काय दडलें आहे, याचीच त्यांत चर्चा. एका दुकानांत तें चोपडें पाहून केन सुगिमोरी हा चित्रकार त्यांस येऊन मिळाला. म्हणजे गप्पांची एक वही छापून निघाली आणि तिनें मैत्री जुळवून दिली. १९८९ सालीं त्याच नांवाची खेळ करणारी कंपनी निघाली आणि १९९६ च्या फेब्रुवारींत तिचा 'पोकेमॉन' प्रसिद्ध झाला.

हा खेळ एकाच वेळीं दोन आवृत्त्यांत निघाला, एक तांबडी आणि एक हिरवी. कांहीं प्राणी केवळ हिच्यांत सांपडत, कांहीं केवळ तिच्यांत. संग्रह पुरा करावयाचा तर दुसरी आवृत्ति असलेला सोबती गांठावा, दोन यंत्रें तारेनें जोडावीं आणि अदलाबदल करावी, याहून वाट नाहीं. व्यापारी डोकें यांत आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ताजिरी लहानपणीं किडे गोळा करीत, आणि त्या तारेंतून किडा इकडून तिकडे सरपटत जातो असें चित्र त्यांच्या डोळ्यांपुढें होतें, हेंही खरें आहे. "तुझ्यापाशीं काय आहे?" हा बालपणींचा पहिला प्रश्न त्यांनीं खेळाच्या मध्यभागीं आणून बसविला.

पुढें जें घडलें तें योजनेंतही नव्हतें. शिगेकी मोरिमोतो या सहकाऱ्यानें शेवटच्या दिवसांत, उरलेल्या तीनशें बाइट जागेंत, 'म्यू' नांवाचा १५१ वा प्राणी घालून ठेविला. त्याची कुणकुण लागतांच मुलांच्या बोलण्यास भरतें आलें. पुढें खेळ अमेरिकेंत गेला तेव्हां बंदरावर उभी असलेली एक मालमोटार हलविली कीं तिच्याखालीं म्यू सांपडतो, अशी वदंता उठली. मोटारीखालीं कांहीं नव्हतें. पण ती मोटार खेळांत इतरत्र कोठेंही दिसत नाहीं, आणि तेथें पोंचावयास आडवाटेनें जावें लागतें. तेव्हां ती उगीच कशी उभी असेल? हा तर्क सदोष म्हणतां येणार नाहीं. रचनेंत आलेली वस्तु निर्हेतुक नसते, असें आम्ही साहित्याच्या तासाला शिकवितों, आणि ती मुलें तो नियम न शिकतां चालवीत होतीं! आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' 'करमणूक' पत्रांतून हप्त्याहप्त्यानें येत होती, तेव्हां पुढें काय होणार याचे तर्क घरोघर चालले असतीलच. हल्लीं कादंबरी वाचणाऱ्या दोघांनीं एकमेकांस "कुठपर्यंत आलास?" असें विचारलेलें आमच्या कानीं बरेच दिवसांत पडलें नाहीं.

परंतु या साऱ्यांत बोलणें अखेर खेळाबाहेरच राहिलें होतें. तें आंत आणण्याचें श्रेय हिदेताका मियाझाकी यांचें. यांनीं लहानपणीं परभाषेंतलीं अद्भुत कथांचीं पुस्तकें, अर्धींमुर्धीं समजत असतां, न कळलेला भाग चित्रांवरून नि कल्पनेनें भरून काढीत वाचलीं होतीं. इंग्रजी कादंबऱ्या ज्यांनीं शाळकरी वयांत शब्दकोशावांचून वाचल्या आहेत, त्यांस हें वाचन वेगळें सांगावयास नको. दुसरी हकीकत त्यांनीं स्वतःच सांगितलेली आहे. बर्फाच्या दिवसांत एका चढणीवर मोटारी घसरून अडकल्या होत्या. मागच्यानें यांची मोटार ढकलली, त्याच्या मागच्यानें त्याची. वर पोंचल्यावर आभार मानावयास थांबावें तर मोटार पुन्हां अडकावयाची. म्हणून ते तसेच पुढें गेले. रांगेंतल्या शेवटच्या माणसाचें काय झालें असेल, हा विचार मात्र त्यांच्या मनांतून जाईना.

२००९ सालच्या 'डीमन्स सोल्स' या त्यांच्या खेळांत ही चढण आहे. आपण एकटेच चालत असतों. वाटेवर जमिनीवर तेजाळ अक्षरांत कोणा अपरिचितानें लिहिलेलें असतें: पुढें शत्रु आहे; येथें सांवध राहा. मनास येईल तें लिहितां येत नाहीं. ठराविक सांचे आणि ठराविक शब्द यांतूनच वाक्य जुळवावें लागतें. लिहिणारा दिसत नाहीं, त्यास उत्तर देतां येत नाहीं. एवढेंच करतां येतें कीं, वाक्य उपयोगी पडलें अशी खूण करावी; आणि ती खूण केली म्हणजे लिहिणारा जेथें कोठें खेळत असेल तेथें त्याच्या जखमा भरून येतात. आभाराची याहून सुंदर तरतूद आम्हांस कोणत्याही खेळांत आढळली नाहीं. शब्दांचा तुटवडा हा येथें गुण ठरला आहे. भाषणास मोकळीक असती तर शिव्याही आल्या असत्या आणि साठ मजल्यांचीं उत्तरेंही. मोजक्या शब्दांत केवळ बोट दाखवितां येतें. व्हरांड्यांतला तो मुलगा तसें कां बोलला, हें आम्हांस पुढें हा खेळ समजावून घेतल्यावर उमगलें. तो त्या जमिनीवरच बोलावयास शिकला होता.

लबाडीही तेथें आहेच. कड्याच्या टोकाशीं "उडी मारून पाहा" असें लिहून ठेवणारे महाभाग थोडे नाहींत, आणि ग्राम्य विनोदाचा सुकाळ आहे. पण २०२२ च्या 'एल्डन रिंग' या खेळांत कासव दिसलें कीं त्याच्यापुढें कोणीतरी "कुत्रा" असें लिहून ठेवलेलें असावयाचें, हा प्रकार आम्हांस मनापासून आवडला. त्यांत माहिती नाहीं, सूचना नाहीं, फसवणूक म्हणावी तर कोणी फसत नाहीं. एकानें ठार खोटें विधान गंभीरपणें करावें आणि हजारों अनोळखी लोकांनीं तें तितक्याच गंभीरपणें पुढें चालवावें. ओसरीवरच्या गप्पांत याहून वेगळें काय चालतें?

आज कोणताही नवा खेळ निघाला कीं थोड्याच दिवसांत त्याचीं सारीं उत्तरें, नकाशांसकट, कोणासही पाहावयास मिळतात. त्यामुळें विचारण्याचें कारण नाहींसें होतें आणि बोलणें निकालांवर व आंकड्यांवर येऊन ठेपतें. ज्यास उत्तर हवें त्यानें तें खुशाल पाहावें. पण सोबत्यास विचारण्याऐवजीं तें पाहणारा एका संभाषणास मुकतो, हें त्याच्या ध्यानीं येत नाहीं.

याहून मोठी हानि मात्र खेळणाऱ्यांच्या हातची नव्हे. 'डीमन्स सोल्स'च्या मूळ आवृत्तीस जोडणारी यंत्रणा २८ फेब्रुवारी २०१८ रोजीं बंद करण्यांत आली. खेळ ज्यांच्या कपाटांत होता त्यांच्या कपाटांत तो राहिला. राक्षस, मनोरे, तटबंद्या सर्व जागच्या जागीं आहेत. नाहींशीं झालीं तीं नऊ वर्षांत माणसांनीं जमिनीवर लिहिलेलीं वाक्यें. कोणी हौसेनें टिपून घेतलीं तेवढीं चित्रांतून उरलीं. २०२० सालीं तो खेळ नव्या रूपानें पुन्हां निघाला. त्यांत पुन्हां लिहितां येतें, पण तें पहिल्यापासून.

त्या पावसाच्या दिवसानंतर आठवड्यानें तो पहिला विद्यार्थी जिन्यांत भेटला. छपरावर गेलास का, असें आम्हींच त्यास विचारलें. आम्हांस हें ठाऊक आहे याचें त्यास आश्चर्य वाटलें. "तीनदां मेलों, सर, मग जमलं," तो म्हणाला. वर जातांना शिडीपाशीं आपणही कांहीं लिहून ठेवलें आहे, असें त्यानें जरा संकोचानें सांगितलें. काय लिहिलें, तें मात्र त्यानें सांगितलें नाहीं. "सर, तुम्ही खेळाल तेव्हां दिसेल कीं," एवढेंच म्हणून तो तासाला गेला.