वरळीच्या केंद्रातला निर्माता

मुंबई दूरदर्शनचा विषय निघाला की बहुतेक वेळा आठवणींचा गहिवर सुरू होतो. ‘गजरा’, ‘चिमणराव’, भक्ती बर्वे, बातम्या वाचणारी स्मिता पाटील, ही नावं घेतली जातात आणि ‘काय दिवस होते ते’ म्हणून बोलणं संपतं. या गहिवरात एक महत्त्वाचा प्रश्न बाजूला पडतो. वरळीच्या या केंद्राने कार्यक्रमांचे स्वतःचे घाट घडवले होते. ते कशामुळे घडले आणि का मोडले?

२ ऑक्टोबर १९७२ रोजी केंद्र सुरू झालं तेव्हा हाती संध्याकाळचे मोजके तास होते, आणि त्यांतही मराठी, हिंदी, गुजराती अशी वाटणी होती. त्यामुळे कार्यक्रम आटोपशीर असणं भागच होतं. ‘गजरा’ हा त्या टंचाईतून निघालेला अस्सल दूरचित्रवाणीचा घाट. विनायक चासकर आणि पुढे विनय आपटे यांनी छोट्या नाटुकल्या एका सूत्रात बांधल्या. रंगभूमीवरून आलेल्या नटाला इथे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा नव्हता. भुवई हलली तरी पुरत असे. चिं. वि. जोशींच्या कथांवरची ‘चिमणराव’ मालिका पाहावी. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचा विनोद वाक्यापेक्षा वाक्यानंतरच्या चेहऱ्यावर जास्त आहे. असा विनोद नाट्यगृहात विरून गेला असता.

‘ज्ञानदीप’ची गोष्ट मला याहून मोठी वाटते. आकाशानंदांनी प्रौढशिक्षणासारखा कोरडा विषय घेतला आणि कार्यक्रम पडद्याबाहेर नेला. ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळं निघाली, त्यांनी आपापल्या भागात कामं हाती घेतली. प्रेक्षक संघटित होऊन काही करू लागतो आणि कार्यक्रम त्याच्याशी नातं राखतो, ही कल्पना नंतरच्या काळातल्या एसएमएस-मतदानाच्या कितीतरी पुढची होती. मराठी दूरचित्रवाणीच्या इतिहासात तिला मिळायला हवं तेवढं स्थान मिळालेलं नाही, याची खंत वाटते.

या सगळ्यामागे केंद्रातला निर्माता होता. तो सरकारी नोकर होता, पण त्याच्या कार्यक्रमावर त्याची मुद्रा असे. सुहासिनी मुळगांवकरांचं ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ किंवा अरुण काकतकरांचं ‘शब्दांच्या पलीकडले’ यांना त्या व्यक्तींची आवड आणि व्यासंग यांचा आधार होता.

त्या काळाच्या उणिवाही स्पष्ट म्हटल्या पाहिजेत. साहित्य-कलेवर बोलणारी माणसं बहुतांशी मुंबई-पुण्याची, शिकलेल्या मध्यमवर्गातली. ‘आमची माती, आमची माणसं’मधून खेडं पडद्यावर येई, पण पुष्कळदा सल्ला ऐकून घेणारं म्हणून. बातम्यांत मंत्र्यांच्या उद्घाटनांना तोटा नव्हता.

१९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रात्रीचा मोक्याचा वेळ दिल्लीकडे गेला. मागोमाग प्रायोजित मालिका आल्या. कार्यक्रम बाहेरच्या संस्था बनवू लागल्या आणि केंद्रातला निर्माता हळूहळू भाग तपासणारा अधिकारी झाला. माझ्या मते खरा बदल हा आहे; खासगी वाहिन्या त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आल्या. दुपारच्या ‘दामिनी’ने, त्यातल्या प्रतीक्षा लोणकरांच्या पत्रकार नायिकेने, मराठी घरांना दैनंदिन मालिकेची सवय लावली ती दूरदर्शनवरच. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली, तेव्हा प्रेक्षक तयार होता. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका तीन हजारांहून अधिक भाग चालली. अर्ध्या तासात पुरी होणारी गोष्ट मागे पडली आणि प्रत्येक भाग उद्याच्या भागासाठी अडवून ठेवला जाऊ लागला. लेखकाला शेवट माहीत नसताना लिहावं लागतं, मग पात्रं वाढत नाहीत, नुसती फिरत राहतात.

दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला ‘सह्याद्री’ हे नाव मिळालं ते याच स्पर्धेच्या तोंडावर. फोन-इन, पुरस्कार सोहळे, गाण्यांचे कार्यक्रम झाले. ‘हॅलो सह्याद्री’सारखा थेट संवाद उपयुक्तही ठरला. पण खासगी वाहिनीसारखं दिसण्याच्या धडपडीत पैसा कमी पडला आणि स्वतःचं वळणही सुटलं.

आता जुने कार्यक्रम वाहिनीच्या यूट्यूबवर दिसतात. टेप महाग होती, म्हणून पुष्कळ मुद्रण पुसून तिच्यावर नवं केलं गेलं. तेव्हा उरलेला प्रत्येक तुकडा मोलाचा. निदान त्याखाली प्रक्षेपणाची तारीख, निर्माता, लेखक, कॅमेरामन यांची नावं नेमाने द्यावीत. आणि आठवड्यातला एक अर्धा तास पंचविशी-तिशीतल्या निर्मात्याच्या हाती सोपवावा. लातूर, चंद्रपूर, सावंतवाडीकडचा असला तर उत्तम. विषय त्याचा, मांडणी त्याची, शेवटी नाव त्याचं. टीआरपी विचारू नये. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या वाहिनीला एवढं करता येतं, खासगी वाहिनीला येत नाही.