माऊसची नक्कल : यश कशाला म्हणावे?

एखादी आज्ञावली लोकांच्या हाती देण्यापूर्वी तिची चाचणी घ्यावी लागते. खिडकी उघडायची, आकडे भरायचे, बटणावर टिचकी मारायची, उत्तर पाहायचे. आज्ञावलीत जरासा बदल झाला की हे सारे पुन्हा पहिल्यापासून. माणूस याला कंटाळतो आणि दहाव्या खेपेला न पाहताच 'ठीक' असे लिहितो. म्हणून हे काम दुसऱ्या आज्ञावलीकडे सोपवतात. ती माऊसची हुबेहूब नक्कल करते.

विंडोजवर यासाठी १९९९ पासून उपलब्ध असलेले एक विनामूल्य साधन म्हणजे ऑटोइट. त्याची भाषा बेसिकच्या वळणाची आहे; शाळेतील मुलांनाही ती जमेल. आम्ही स्वतः ते वापरतो आणि त्याचे गुण मानतो. पण त्यातील एका उणिवेची चर्चा व्हायला हवी, असे आम्हाला वाटते.

ऑटोइटमध्ये टिचकी मारण्याचे दोन मार्ग आहेत. 'माऊसक्लिक' ही आज्ञा पडद्यावरील बिंदू घेते: डावीकडून इतके अंतर, वरून इतके. बाण तेथे सरकतो आणि टिचकी पडते. 'कंट्रोलक्लिक' या आज्ञेला खिडकीचे नाव आणि बटणाची ओळख लागते. ती टिचकीचा निरोप थेट त्या बटणाला पाठवते. बाण जागचा हलतही नाही. पहिली आज्ञा घरक्रमांक पाहून पत्र टाकणाऱ्या पोस्टमनसारखी आहे. घरात आता कोण राहते याची तिला चौकशी नाही. दुसरी माणसाला नावाने हुडकते आणि दाराला कुलूप असले तरी पत्र त्याच्या हाती पोचवते!

वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. एक लहान खिडकी तयार करावी. तीत एक बटण आणि ते किती वेळा दाबले गेले हे दाखवणारा आकडा ठेवावा. मग नोटपॅड उघडून ही खिडकी पूर्ण झाकावी आणि वेगळ्या आज्ञावलीतून दोन्ही प्रकारच्या टिचक्या माराव्यात. 'माऊसक्लिक'ची टिचकी नोटपॅडवर पडते. आकडा हलत नाही. 'कंट्रोलक्लिक'ने मात्र झाकलेले बटणही दाबले जाते आणि आकडा वाढतो.

गंमत पुढेच आहे. दोन्ही आज्ञा उत्तरादाखल १, म्हणजे 'यश', देतात. ऑटोइटची माहितीपुस्तिका नीट वाचली तर उलगडा होतो. 'माऊसक्लिक' ० देते ते माऊसच्या बटणाचे नाव चुकले किंवा एक अंतर देऊन दुसरे दिले नाही अशा वेळी. टिचकी कुठे पडली याच्याशी त्या १ चा काही संबंध नाही. अशा उत्तराला 'यश' म्हणणे आम्हाला पटत नाही. अर्थात हा दोष एकट्या ऑटोइटचा नाही. व्हिस्टापासून (२००७) कमी अधिकाराच्या आज्ञावलीने जास्त अधिकाराच्या खिडकीवर मारलेली नकली टिचकी विंडोज अडवते. पण ती या कारणाने अडवली हे टिचकी पाठवणाऱ्या आज्ञेला कळवत नाही.

याचा आपल्याशी संबंध काय? गुणपत्रिका तयार करणारी एखादी आज्ञावली घ्या. लहान पडद्यावर तिचे 'साठवा' हे बटण खालच्या कडेबाहेर जाते, असे समजू. चाचणी 'कंट्रोलक्लिक'ने घेतली असेल तर ती बिनबोभाट उत्तीर्ण होईल, कारण निरोपाला पडद्याची कड आडवी येत नाही. शिक्षकाच्या बोटाला मात्र ती येते. उलट सगळी चाचणी बिंदूंवर बेतली, तर बटण जरा सरकताच निर्दोष आज्ञावलीही नापास होईल किंवा टिचकी भलत्याच बटणावर पडेल.

आमचे मत असे: आकडेमोड तपासायची असेल तर 'कंट्रोलक्लिक' वापरावे, माणसाला बटण दिसते का, हाती लागते का हे तपासायचे असेल तर 'माऊसक्लिक'. कोणत्या चाचणीत काय वापरले हे अहवालात लिहावे. आणि दोन्ही वेळी टिचकीनंतर परिणाम वेगळा पाहावा: फाईल तयार झाली का, आकडा बदलला का. प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्याला 'ॲसिड ओतले का?' एवढेच विचारून थांबत नाही. 'रंग बदललेला पाहिलास का?' असेही विचारतो. यंत्राकडून घेतलेल्या परीक्षेलाही हाच प्रश्न विचारायला हवा.