नागीण आणि सैनिकांची गोष्ट

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच वर्गात सांगितली आहे. जंतू आला की सैनिक धावतात. सैनिक कमी पडले की माणूस आजारी पडतो. गोष्ट सोपी आहे, मुलांना आवडते. मला मात्र अलीकडे तिची धास्ती वाटते. त्याला कारण भंडारा जिल्ह्यातले माझे एक शिक्षकमित्र.

साकोली तालुक्यातल्या या गुरुजींना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तराला जखमा होतात, शौचावाटे रक्त जाते. ॲझाथायोप्रिनच्या गोळ्यांनी आजार बरीच वर्षे आटोक्यात होता. २०२० साली करोनाची साथ आली. ‘या गोळीने प्रतिकारशक्ती मरते’ असे कुणीतरी सांगितले, आणि गुरुजींनी डॉक्टरांना न विचारताच गोळी बंद करून गुळवेलीचा काढा सुरू केला. ऐन रोवणीत आजार उसळला. तो दाबायला भरपूर मात्रेत स्टेरॉइड द्यावे लागले.

सैनिकांची गोष्ट इथे कोसळते. या आजारात सैनिक कमी नसतातच. आतड्यात एरवी निमूट राहणाऱ्या जिवाणूंवर ते नको तेवढे तुटून पडतात आणि त्या धुमश्चक्रीत अस्तर सोलवटून निघते. अशा माणसाने ‘शक्ती वाढवायची’ म्हणजे नेमके काय वाढवायचे? गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच.

‘शक्ती’ म्हटले की टाकीतल्या पाण्यासारखे कमी किंवा जास्त एवढेच मनात येते. प्रत्यक्षात प्रत्येक औषध यंत्रणेचा वेगळा दुवा ढिला करते. ॲझाथायोप्रिनमुळे लसीका पेशींची वाढ मंदावते. टीएनएफ-रोधक इंजेक्शनांनी यकृतात दबा धरून बसलेला ‘ब’ काविळीचा विषाणू जागा होऊ शकतो. (क्षयही उठू शकतो. तो जिवाणू, पण आपल्याकडे त्याला विसरून कसे चालेल?) टोफासिटिनिबने नागिणीचा धोका वाढतो. स्टेरॉइड मात्र जवळजवळ सगळेच दुवे एकदम सैल करते.

याचा आकड्यांतला पुरावा साथीतच मिळाला. आतड्याच्या दाहक विकाराच्या ज्या रुग्णांना करोना झाला, त्यांची एक आंतरराष्ट्रीय नोंदवही उघडली गेली. २०२० साली तिच्यातल्या ३३ देशांतील ५२५ रुग्णांचा अभ्यास छापून आला. स्टेरॉइड घेणाऱ्यांत आजार गंभीर होण्याची शक्यता सुमारे सातपट दिसली. टीएनएफ-रोधक घेणाऱ्यांत ती वाढलेली दिसली नाही. या अभ्यासातही खोट काढता येते. नोंदी डॉक्टरांनी आपणहून पाठवलेल्या, म्हणजे घरीच बरे झालेले कितीतरी रुग्ण त्यात आलेच नसतील. शिवाय स्टेरॉइड मिळते तेच मुळात ज्यांचा आजार भडकलेला असतो त्यांना. मग दोष औषधाचा किती आणि भडक्याचा किती? एवढे धरूनही गुरुजींच्या दृष्टीने हिशेब उलटाच झाला. ज्या भीतीने त्यांनी सौम्य गोळी सोडली, तिनेच त्यांना स्टेरॉइडपाशी नेले.

करोना त्यांना झाला नाही. झाली नागीण. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या चेतागाठींत आयुष्यभर झोपून राहतो. टी-पेशींचा पहारा ढिला पडला की तो एखाद्या चेतातंतूच्या वाटेने कातडीवर उतरतो. त्या तंतूचे क्षेत्र शरीराच्या एकाच बाजूला असते, म्हणून फोडांचा पट्टा सहसा मध्यरेषेवर थांबतो. नागिणीचे तोंड-शेपूट जुळले की माणूस जातो, या समजुतीला आधार नाही. पण त्या समजुतीपायी घरच्यांनी चार दिवस उतारा आणि लेप यांत घालवले. विषाणूरोधक गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर उत्तम. गुरुजींच्या बरगडीखाली कित्येक महिने आग होत राहिली. खडू धरलेला हात वर नेला की कळ येई.

अशा रुग्णांसाठी लसींचेही वेळापत्रक असते. कांजिण्या, गोवर यांच्या लशीत दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो; ही औषधे चालू असताना ती टाळतात, लागणारच असेल तर आधी घेतात. फ्लूची मृत विषाणूंची लस, ‘ब’ काविळीची लस चालते. नागिणीची मृत घटकांपासून केलेली लसही २०२३ पासून भारतात मिळते. ती महाग आहे.

गुरुजी आता पुन्हा गोळीवर आहेत आणि आठवीला विज्ञान शिकवतात. सैनिकांची गोष्ट त्यांनी टाकलेली नाही. ती सांगून झाली की ते मुलांना विचारतात, ‘आणि सैनिकाने घरच्याच माणसावर बंदूक रोखली तर?’