'किल' म्हणजे चर्च की रान?

आयर्लंडच्या नकाशावर 'किल'ने सुरू होणारी गावे पावलोपावली भेटतात. काही वर्षांपूर्वी संत पॅट्रिक यांच्या सणाच्या प्रवचनात आम्ही भाविकांना सांगितले होते, की यांतील प्रत्येक 'किल' म्हणजे एकेक चर्च होय. श्रोते संतुष्ट झाले; आम्हीही झालो. पुढे पॅट्रिक वेस्टन जॉइस यांचा 'आयरिश स्थलनामांचा उगम आणि इतिहास' हा इंग्रजी ग्रंथ हाती आला आणि आमचे ते समाधान टिकले नाही.

जॉइस (१८२७–१९१४) हे पेशाने शिक्षक. त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १८६९ साली प्रसिद्ध झाला. गावाच्या नावाचा अर्थ आजच्या इंग्रजी वर्णावळीवरून लावू नये, हा त्यांचा मूलमंत्र. जुन्या हस्तलिखितांतील रूप पाहावे आणि त्या मुलखातील आयरिश बोलणाऱ्या वृद्धांचा उच्चार ऐकावा, असे ते सांगतात. १८३० नंतर ब्रिटिश भूमापन खात्यासाठी गावोगाव हिंडलेल्या जॉन ओडोनोव्हन या पंडिताने हेच केले होते. जॉइस यांनी त्यांच्या कार्याचा पुरेपूर लाभ घेतला आहे.

या कसोटीवर 'किल'चे दोन अर्थ निघतात. 'किल्ल' म्हणजे चर्च. हा शब्द लॅटिन 'चेल्ला'पासून, म्हणजे मठवासीयाच्या खोलीपासून आलेला. सेमिनरीत आम्ही 'च' म्हणायला शिकलो, परंतु आयरिश जिभेने त्या अक्षराचा जुना 'क' जपला आहे. दुसरा शब्द 'कॉइल', म्हणजे रान. आयरिश भाषेत या दोन शब्दांतील 'क' निरनिराळ्या प्रकारे उच्चारला जातो. इंग्रजी लेखनात मात्र तो भेद पुसला गेला आणि चर्च व रान एकाच वेषात उभे राहिले. 'किलमोर' हे 'मोठे चर्च' असू शकते, तसेच 'मोठे रान'ही. त्या त्या गावाचा पुरावा पाहिल्यावाचून निर्णय देता येत नाही.

लॅटिनची अशी बीजे आणखीही आहेत. 'डोनामोर' या नावातील 'दोव्नाख' हा शब्द लॅटिन 'दोमिनिकुम', अर्थात प्रभूचे मंदिर, यापासून आला. 'डिसर्ट' हे एकांतवासी साधकांचे 'अरण्य'. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती श्रद्धा कशी रुजली, याची साक्ष हे शब्द देतात.

ग्रंथ निर्दोष नाही. नामांची मांडणी गावांनुसार नसून विषयांनुसार आहे. त्यामुळे एकेका गावाचा इतिहास हरवतो. अनेक ठिकाणी अर्थ दिला आहे, परंतु तो कोणत्या जुन्या लेखावरून घेतला हे सांगितलेले नाही. आधार न देता दिलेला अर्थ वाचकाने केवळ विश्वासावर का घ्यावा? आयर्लंडच्या शासनाने १९४६ साली स्थलनाम आयोग नेमला, तेव्हा जॉइस यांच्यापुढेही पुष्कळ काम उरले होते हे उघड आहे. तरीही चुकीच्या व्युत्पत्तींवर त्यांनी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आम्ही मानतो.

भाविक मनाला सर्वत्र चर्च दिसावे असे वाटते आणि त्यात वावगे काही नाही. परंतु जेथे रान होते तेथे चर्च कल्पिणे ही श्रद्धा नव्हे. तो केवळ उतावीळपणा होय. त्या प्रवचनातील आमची चूक आम्ही येथे मान्य करतो. रानाला भिण्याचेही कारण नाही. संत ब्रिजिड यांच्या किल्डेअर या नावाचा अर्थ 'ओक वृक्षाचे चर्च' असा आहे. तेथे 'किल' खरोखरच चर्च आहे, आणि वृक्षही नावातच उभा आहे. सत्य शोधणाऱ्याला दोन्ही मिळाले.