६३वा क्रमांक कुणाचा?

जागतिक बँकेचा 'डुइंग बिझनेस' अहवाल साहित्य आढाव्यात घेणार असाल, तर आधी त्याचा नमुना बघा. २०१५ च्या अहवालात भारत १४२वा, २०२० च्या अहवालात ६३वा. पण शहरं मोजली दोनच, मुंबई आणि दिल्ली. तेही एका काल्पनिक मर्यादित कंपनीबद्दल वकील, सीए अशा जाणकारांकडून प्रश्नावली भरून घेऊन!

आता अहिल्यानगरच्या कापडबाजारातलं किंवा संगमनेरच्या पेठेतलं एकमालकी दुकान घ्या. त्याचं अडतं ते पार्किंग, तुंबलेलं गटार, अतिक्रमणाची नोटीस इथे. यातलं काही त्या निर्देशांकात नव्हतंच.

आकड्यांतल्या गैरप्रकारांमुळे २०२१ मध्ये बँकेने अहवाल बंद केला. मला खटकतं ते वेगळं. आकडे स्वच्छ असते, तरी संगमनेर नगरपरिषदेबद्दल त्यातून काय कळलं असतं?

त्यापेक्षा २०१४ चा पथविक्रेता कायदा घ्या. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत. तुमच्या गावात समिती आहे का, किती वेळा बसली, इतिवृत्तात विक्रेते काय बोलले, हे माहिती अधिकारात मागा. (गाईड म्हणतील, 'सॅम्पल लहान आहे.' असू दे, पण ते तुमच्या प्रश्नाचं आहे.)